ताऱ्यांची स्थाने आणि त्यांचे संदर्भकाल : प्रस्तावना

आकाशातील ताऱ्याचे स्थान खगोलशास्त्रात दोन आकड्यांनी सांगितले जाते. परंतु ते आकडे कोणत्या वर्षीच्या चौकटीत मोजले आहेत याची नोंद शेजारी नसेल, तर त्यांवर विसंबून तारा सापडेलच अशी खात्री देता येत नाही. ज्या बिंदूपासून आणि ज्या वर्तुळापासून ही मोजणी होते, तो बिंदू आणि ते वर्तुळ दोन्ही सरकत असतात, हे त्याचे कारण आहे. एका काळी नोंदवलेले स्थान दुसऱ्या काळाच्या चौकटीत कसे आणावे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. वरकरणी तो निव्वळ कोष्टकांचा वाटतो. परंतु पंचांगांतील अयनांशाचा वाद, वैदिक वाङ्मयाच्या कालनिर्णयाची चर्चा, पुणे जिल्ह्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा रोख आणि बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेली मृगाची तारीख, या सर्वांच्या मुळाशी तीच आकडेमोड आहे. ती समजून घेतल्यावाचून यांपैकी कोणत्याही प्रश्नावर साधार बोलता येत नाही.

प्रथम परिभाषा पाहणे आवश्यक आहे. आकाश हा पृथ्वीभोवतीचा एक विशाल गोल मानला, तर पृथ्वीच्या विषुववृत्ताचे प्रतल वाढवत नेल्यावर ते त्या गोलाला ज्या वर्तुळात छेदते ते खगोलीय विषुववृत्त होय, आणि सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त होय. ही दोन वर्तुळे परस्परांशी सुमारे साडेतेवीस अंशांचा कोन करतात व दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात. त्यांपैकी ज्या बिंदूतून सूर्य २०-२१ मार्चच्या सुमारास दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो तो वसंतसंपात आणि त्याच्या समोरचा तो शरदसंपात. वसंतसंपातापासून पूर्वेकडे विषुववृत्तावर मोजलेल्या अंतरास विषुवांश म्हणतात आणि ते बहुधा तास, मिनिटे व सेकंद यांत देतात, कारण संपूर्ण गोल चोवीस तासांत फिरताना दिसतो. विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस असलेल्या कोनीय अंतरास क्रांती म्हणतात. हीच मोजणी क्रांतिवृत्ताच्या आधारे केली, तर अनुक्रमे भोग आणि शर हे निर्देशक मिळतात. अंशाचा साठावा भाग ती कला आणि कलेचा साठावा भाग ती विकला.

या दोन्ही मोजण्यांचा आरंभ वसंतसंपातापासून होतो, आणि तोच बिंदू चळतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून सुमारे २१ किलोमीटरांनी अधिक आहे. विषुववृत्तालगतच्या या फुगवट्यावर चंद्र आणि सूर्य यांची जी ओढ पडते, ती पृथ्वीचा कललेला अक्ष सरळ करू पाहते. पृथ्वी स्वतःभोवती वेगाने फिरत असल्यामुळे अक्ष सरळ मात्र होत नाही, तर तो क्रांतिवृत्ताच्या ध्रुवाभोवती अत्यंत सावकाश एक शंकू आखत जातो. एक फेरी पुरी होण्यास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. अक्षाबरोबर विषुववृत्ताचे प्रतल वळते, म्हणून संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५०.३ विकला पश्चिमेकडे सरकतो, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश. या गतीस संपातचलन किंवा अयनचलन म्हणतात. शिवाय इतर ग्रहांच्या आकर्षणामुळे पृथ्वीच्या कक्षेचे प्रतलही किंचित झुकत असते, त्यामुळे विषुववृत्त व क्रांतिवृत्त यांमधील कोन सध्या शंभर वर्षांत सुमारे ४७ विकलांनी कमी होत आहे.

तारा जागीच आहे असे मानले, तरी त्याचे विषुवांश, क्रांती आणि भोग त्यामुळे वर्षागणिक बदलतात. महाराष्ट्रातील अनेक गावांत जमिनींच्या एकत्रीकरणानंतर जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले; शेत तेथेच राहिले, बांधही तोच राहिला, पण जुन्या दस्तातील नंबर घेऊन आजच्या सातबाऱ्यावर शोध घ्यायचा तर दोन्हींचा मेळ घालणारे पत्रक हाताशी असावे लागते. संदर्भकालांतराची गणिते हे खगोलशास्त्राचे असेच जुळणीपत्रक आहे. फरक इतकाच, की जमिनीचे पत्रक एकदा होऊन संपते, आणि आकाशाचे दर वर्षी नव्याने करावे लागते.

संपातचलनाचा शोध ज्या ताऱ्यावरून लागला तो चित्रा, हे मराठी वाचकाला विशेष वाटावे असे आहे, कारण महाराष्ट्रातील पंचांगवादातही हाच तारा केंद्रस्थानी आला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिषाने चित्रेचे शरदसंपातापासूनचे अंतर पश्चिमेकडे सुमारे सहा अंश ठरवले, आणि त्याच्या दीडशेवर वर्षे आधी तिमोखारिसने तेच अंतर सुमारे आठ अंश नोंदवले होते. दोन्ही नोंदी विश्वसनीय मानल्या तर मधल्या काळात संपात दोन अंश हललेला असला पाहिजे, असा निष्कर्ष हिप्पार्कसने काढला. आज चित्रा शरदसंपाताच्या पूर्वेस जवळजवळ चोवीस अंशांवर आहे. म्हणजे हिप्पार्कसच्या काळापासून तिच्या भोगात सुमारे तीस अंशांचा, अर्थात एका पूर्ण राशीचा, फरक पडला. जुनी नोंद जपून ठेवली नसती आणि ती केव्हाची आहे हे ठाऊक नसते, तर हा शोध लागला नसता.

भारतीय सिद्धांतग्रंथांत ही गती अयनचलन या नावाने येते. सूर्यसिद्धांतात अयन मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंस सत्तावीस अंशांपर्यंत आंदोलन करते असे मानले आहे, तर दहाव्या शतकातील मुंजालाने ते एकाच दिशेने पूर्ण चक्र फिरते असे मानले. आधुनिक गतिशास्त्राने मुंजालाची दिशा योग्य ठरवली. व्यवहारात मात्र महाराष्ट्राच्या हाती आला तो कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० साली, ‘ग्रहलाघव’ ग्रंथात दिलेला सोपा नियम. चालू शकातून ४४४ वजा करावे आणि उरलेल्या संख्येस साठाने भागावे, म्हणजे अयनांश मिळतात. अयनांश म्हणजे नक्षत्रचक्राचा स्थिर मानलेला आरंभबिंदू आणि सरकता वसंतसंपात यांमधील अंतर. या एका ओळीच्या नियमात आधुनिक रूपांतराचे दोन्ही घटक स्पष्ट आहेत : शून्याचा काळ, म्हणजे शके ४४४, आणि गती, म्हणजे वर्षाला एक कला. शके १९४७ साठी हा नियम २५ अंश ३ कला देतो. आज सरकारी पंचांगात वापरले जाणारे अयनांश त्या वर्षी सुमारे २४ अंश १२ कला आहेत. ही तफावत दोन कारणांनी पडते : गती वर्षाला सुमारे पावणेदहा विकलांनी अधिक धरली गेली, आणि दोन्ही गणनांचा शून्यबिंदूही एक नाही. जुन्या कोणत्याही नोंदीचे रूपांतर करताना हेच दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात, आणि बहुतेक गोंधळ ते एकत्र केल्याने होतात.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न महाराष्ट्रात नव्याने पेटला. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून युरोपीय वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले, आणि नक्षत्रचक्राचा आरंभ मीन राशीतील एका मंद ताऱ्यापाशी, म्हणजे रेवती नक्षत्राची खूण मानलेल्या योगताऱ्यापाशी, धरला. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा तारा नक्षत्रचक्राच्या बरोबर मध्यावर, १८० अंशांवर, असावा आणि आरंभबिंदू त्यावरून ठरवावा, हा पक्ष ‘ज्योतिर्गणित’कार या नात्याने लावून धरला. या दोन पक्षांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, आणि सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालत असल्यामुळे संक्रांतीत सुमारे चार दिवसांचा फरक पडतो. पुण्याचे टिळक पंचांग रेवतीपक्षाचे, तर सोलापूरचे दाते पंचांग चित्रापक्षाचे. पुणे-सोलापूर रस्त्यावर वसलेले इंदापूर या दोन्ही परंपरांच्या मधोमध पडते, आणि तेथील वाचकाला मकरसंक्रांतीच्या दोन तारखा का दिसतात याचे उत्तर या दोन शून्यबिंदूंत आहे. दोन्हींकडे सूर्याचे संपातापासूनचे स्थान एकच असते; मतभेद आहे तो मोजणीचा आरंभ कोठे ठेवायचा याबद्दल. भारत सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीत पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे मराठी सभासद होते. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला धरावेत असे ठरवून हा प्रश्न व्यवहारापुरता सोडवला : एक तारीख आणि त्या तारखेचे एक मूल्य, आणि तेथून पुढे ज्ञात गतीने चालणे. संदर्भकालाची व्याख्या याहून स्वच्छ करता येणार नाही.

हे गणित मागे नेले तर इतिहासाचे साधन होते, हे महाराष्ट्रात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ज्या रीतीने दाखवले, ती रीत येथे जवळून पाहण्यासारखी आहे. दीक्षित पेशाने शिक्षक होते, आणि १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिषाचा इतिहास आजही या विषयाचा पायाभूत ग्रंथ मानला जातो. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा आशयाचे विधान आहे. तारा ठीक पूर्वेस उगवायचा तर त्याची क्रांती शून्य असली पाहिजे, म्हणजे तो विषुववृत्तावर असला पाहिजे. आज कृत्तिकांच्या पुंजातील मुख्य ताऱ्याचा भोग सुमारे ६० अंश आणि शर सुमारे ४ अंश उत्तर आहे, आणि त्याची क्रांती सुमारे २४ अंश उत्तर असल्यामुळे बारामतीहून पाहिले असता तो पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे २५ अंशांवर उगवतो. संपातचलनाने शर जवळजवळ बदलत नाही, भोग मात्र बदलतो. आणि चार अंश उत्तर शर असलेला तारा विषुववृत्तावर येण्यासाठी, क्रांतिवृत्ताचा कोन त्या काळाप्रमाणे सुमारे २४ अंश धरल्यास, त्याचा भोग वसंतसंपाताच्या पश्चिमेस सुमारे ९ अंश असावा लागतो. ६० अंशांपासून तेथवर ६९ अंश मागे जावे लागते. एका अंशास ७२ वर्षे धरली तर सुमारे पाच हजार वर्षे होतात, आणि काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास येतो. दीक्षितांचा निष्कर्ष हाच होता. त्याच दशकात, १८९३ साली, लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा शोधून याहूनही मागचा काळ सुचवला.

या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. ते विधान प्रत्यक्ष वेधाचे आहे की ढोबळ दिशेचे, ते ग्रंथरचनेच्या काळचे आहे की परंपरेने आलेले, असे प्रश्न अभ्यासकांनी विचारले, आणि ते योग्यच आहेत. परंतु आक्षेप वाक्याच्या अर्थावर आहेत, रूपांतराच्या गणितावर नाहीत. कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या, याचे उत्तर गणित निश्चित देते. ते वाक्य केव्हा लिहिले गेले, हे सांगण्याचे काम गणिताचे नव्हे. हा भेद न पाळल्यामुळे आजही तारकास्थानांवरून ग्रंथांचे आणि प्रसंगांचे काळ अति आत्मविश्वासाने जाहीर केले जातात, म्हणून प्रस्तुत पुस्तकात त्यावर स्वतंत्र विवेचन केले आहे.

आधुनिक काळातील अचूक तारकास्थानांची परंपरा अठराव्या शतकात ग्रिनिच येथे जेम्स ब्रॅडली यांच्या वेधांपासून सुरू होते. बारामतीत आर्या रचणाऱ्या मोरोपंतांचा जीवनकाळ १७२९ ते १७९४, आणि त्यांच्या जन्माच्या सुमारासच ब्रॅडलींनी प्रकाशाचे विपथन जाहीर केले, म्हणजे पृथ्वी कक्षेत धावत असल्यामुळे तारा सुमारे २०.५ विकलांपर्यंत इकडे-तिकडे सरकलेला दिसतो हे दाखवले. १७४८ साली त्यांनी अक्षांदोलन, म्हणजे चंद्राच्या कक्षेच्या वळणामुळे पृथ्वीच्या अक्षात पडणारा १८.६ वर्षांचा लहानसा हेलकावा, प्रसिद्ध केला. हे दोन परिणाम वेगळे काढता आल्यानंतरच संपातचलनाची गती विश्वासाने मोजता आली. ब्रॅडलींच्या वेधांवरून बेसेल यांनी १८१८ साली तीन हजारांहून अधिक ताऱ्यांची स्थाने १७५५ या संदर्भकालासाठी काढली. पुढे १८५५, १८७५, १९००, १९५० अशी वर्षे निरनिराळ्या सूचींसाठी वापरात आली. तारकासमूहांच्या आजच्या अधिकृत सीमा १९३० साली प्रसिद्ध झाल्या, त्या १८७५ च्या निर्देशकांवर सरळ आखलेल्या आहेत. त्यामुळे आजच्या नकाशावर त्याच सीमारेषा किंचित तिरप्या दिसतात.

या वर्षांच्या आधी लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांचाही अर्थ आहे. ‘बी १९५०’ मधील ‘बी’ बेसेल यांच्या वर्षाचा निदर्शक आहे. हे वर्ष सूर्याच्या मध्यम स्थानावरून ठरत असे. ‘जे २०००’ मधील ‘जे’ ज्यूलियन वर्षाचा, म्हणजे बरोबर ३६५.२५ दिवसांच्या वर्षाचा, निदर्शक आहे, आणि हा काळ १ जानेवारी २००० च्या मध्यान्ही, पार्थिव काल नावाच्या एकसारख्या कालमापनानुसार, येतो. बारामतीच्या घड्याळात तो क्षण त्या दिवशी सायंकाळी ५ वाजून २८ मिनिटे ५६ सेकंदांनी आला. १९८४ पासून आंतरराष्ट्रीय व्यवहार जुन्या काळाकडून या नव्या काळाकडे वळला.

येथे एका भेदाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण या विषयातील सर्वाधिक चुका तेथे होतात. प्रत्येक तारकास्थानाला दोन तारखा असतात. एक तारीख चौकटीची : विषुववृत्त आणि संपात कोणत्या वर्षीचे धरले आहेत. दुसरी तारीख ताऱ्याची : तो तारा प्रत्यक्ष तेथे केव्हा होता. तारेही स्थिर नाहीत; प्रत्येकाला स्वतःची निजगती आहे. एडमंड हॅली यांनी १७१८ साली प्राचीन ग्रीक नोंदींशी तुलना करून स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तारे हलल्याचे दाखवले. स्वातीची निजगती वर्षाला सुमारे २.३ विकला आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केल्यापासून आजवर ती पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीहून अधिक सरकली आहे. चौकट फिरवल्याने ताऱ्याची निजगती हिशेबात येत नाही, आणि निजगती मिळवल्याने चौकट फिरत नाही. दोन्ही कामे स्वतंत्रपणे करावी लागतात. गाया या अंतराळयानाच्या २०२२ सालच्या तिसऱ्या सूचीत सुमारे १८० कोटी ज्योतींची नोंद आहे. तिची चौकट जे २००० शी जवळजवळ एकरूप असलेली आंतरराष्ट्रीय चौकट आहे, पण ताऱ्यांची स्थाने २०१६ च्या आरंभीची आहेत. ‘२०००’ ही संख्या पाहून ती स्थानेही २००० सालचीच समजणारा अभ्यासक जलदगती ताऱ्यांच्या बाबतीत फसल्याशिवाय राहत नाही.

प्रत्यक्ष रूपांतराची अदमासे रीत सोपी आहे. विषुवांशातील वार्षिक बदल म्हणजे ३.०७५ सेकंद, अधिक १.३३६ सेकंद गुणिले विषुवांशाची ज्या गुणिले क्रांतीची स्पर्शज्या. क्रांतीतील वार्षिक बदल म्हणजे २०.०४ विकला गुणिले विषुवांशाची कोज्या. चित्रेचे १९५० चे विषुवांश १३ तास २२ मिनिटे ३३ सेकंद आणि क्रांती १० अंश ५४ कला दक्षिण होती. या सूत्राने विषुवांशात वर्षाला सुमारे ३.१७ सेकंदांची भर पडते आणि क्रांती वर्षाला सुमारे १८.७ विकला दक्षिणेकडे जाते. पन्नास वर्षांत विषुवांश सुमारे २ मिनिटे ३८ सेकंदांनी आणि क्रांती सुमारे साडेपंधरा कलांनी बदलते. २००० साठीची सूचीतील मूल्ये १३ तास २५ मिनिटे १२ सेकंद आणि ११ अंश १० कला दक्षिण अशी आहेत, म्हणजे सूत्र येथे समाधानकारक चालते. आज चित्रा बारामतीच्या, म्हणजे सुमारे १८ अंश ९ कला अक्षांशाच्या, आकाशात याम्योत्तरावर, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर, येते तेव्हा क्षितिजापासून सुमारे साडेसाठ अंश उंच असते. शतकागणिक ही उंची सुमारे ३१ कलांनी कमी होत आहे.

हेच सूत्र ध्रुवताऱ्याला लावले की त्याची मर्यादा उघड होते. १९५० साली ध्रुवताऱ्याचे विषुवांश सुमारे १ तास ४९ मिनिटे होते, २००० साली ते २ तास ३२ मिनिटांच्या जवळ गेले, आणि क्रांती मात्र ८९ अंश २ कलांवरून ८९ अंश १६ कलांवर, म्हणजे अवघ्या चौदा कलांनी, सरकली. ध्रुवापाशी विषुवांशाची वर्तुळे एकवटत असल्यामुळे तेथे वार्षिक बदल स्वतःच वेगाने बदलतो आणि एका वर्षाचा बदल पन्नासने गुणणे चुकीचे ठरते. म्हणून काटेकोर कामासाठी ताऱ्याची दिशा तीन घटकांच्या सदिशाने मांडतात आणि चौकट तीन कोनांतून एकामागून एक फिरवतात. हे कोन गेलेल्या काळाच्या घातांमधील बहुपदींनी मिळतात. सायमन न्यूकम यांचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे गुणक १९७६ साली, आणि ते पुन्हा २००६ साली, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने सुधारले. बी १९५० वरून जे २००० वर येताना केवळ हे परिभ्रमण पुरत नाही : जुन्या सूचीतील संपाताच्या शून्यात ०.०३५ सेकंदांची दुरुस्ती करावी लागते, विपथनाचा जो अल्प भाग जुन्या स्थानांत तसाच ठेवला जाई तो काढून टाकावा लागतो, आणि निजगती बेसेलच्या वर्षाऐवजी ज्यूलियन वर्षाच्या मापात आणावी लागते. दुर्बीण एखाद्या विशिष्ट रात्री रोखायची असेल, तर त्यानंतर अक्षांदोलन, विपथन आणि वातावरणातील अपवर्तन यांची भर घालावी लागते. प्रकरणांचा क्रम याच पायऱ्यांनुसार लावला आहे.

या काटेकोरपणाचे प्रत्यक्ष मोल पुणे जिल्ह्यातच पाहता येते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. १,४०० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर एका तबकडीचे दृश्यक्षेत्र सुमारे २४ कलांचे असते. पन्नास वर्षांत क्रांतिवृत्तालगतच्या स्रोताचे निर्देशक सुमारे ४२ कलांनी बदलतात. म्हणजे १९५० च्या सूचीतील स्थान २००० चे समजून दुर्बीण रोखली, तर अपेक्षित स्रोत दृश्यक्षेत्राच्या पूर्णपणे बाहेर राहतो. स्पंदकांच्या, म्हणजे नियमित स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, नावांतच हा बदल कोरलेला आहे. १९६७ साली केंब्रिजला सापडलेला पहिला स्पंदक ‘बी १९१९+२१’ या नावाने ओळखला जातो, कारण १९५० च्या चौकटीत त्याचे विषुवांश १९ तास १९ मिनिटे होते. २००० च्या चौकटीत तोच स्पंदक ‘जे १९२१+२१५३’ होतो. नावे दोन, तारा एक. मधली दोन मिनिटे संपातचलनाची.

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात, आणि पावसाचा अंदाज नक्षत्रांच्या नावांनी बांधण्याची चाल तेथे अजून आहे. सूर्य मृग नक्षत्रात सध्या ७-८ जूनच्या सुमारास जातो. नक्षत्रे ताऱ्यांवर आधारलेली, तर ऋतू संपातावर आधारलेले. त्यामुळे इंग्रजी तारखेच्या हिशेबात मृगाचा आरंभ ७२ वर्षांत सुमारे एक दिवस पुढे जातो. मोरोपंतांच्या काळी, १७५५ च्या सुमारास, तो आजच्यापेक्षा सुमारे चार दिवस आधी येत असला पाहिजे. एका पिढीला हा बदल जाणवत नाही, परंतु दोन हजार वर्षांच्या हिशेबात तो जवळजवळ महिनाभराचा होतो, आणि तेव्हा मृगाच्या पावसाची ओळख त्या नक्षत्रापाशी टिकणार नाही. नक्षत्रे आणि हंगाम यांची सांगड कायमची आहे असे मानणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

या पुस्तकाची योजना करताना त्रिकोणमितीची शालेय ओळख असलेला वाचक समोर ठेवला आहे. चौकट फिरवण्याचे सारणीगणित (मॅट्रिक्स) ज्यांना नवे आहे त्यांनी अदमासे सूत्राची प्रकरणे आधी वाचावीत, आणि ज्यांना संगणकावर रूपांतर करायचे आहे त्यांनी शेवटच्या प्रकरणांतील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात. सिद्ध आज्ञावल्या आज सहज उपलब्ध आहेत व त्या अचूकही असतात. परंतु चौकटीची तारीख आणि ताऱ्याची तारीख यांत गल्लत करून दिलेली माहिती त्या विनातक्रार स्वीकारतात आणि तितक्याच काटेकोरपणे चुकीचे उत्तर देतात. यंत्राला काय विचारले आहे हे समजण्यापुरते गणित अभ्यासकाला यायलाच हवे.

ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ते नोंदींच्या रूपाने, आणि नोंद पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते ती तिच्यावर काळाची खूण असेल तर. तिमोखारिस आणि ब्रॅडली यांचे वेध आजही कामी येतात, ते केव्हा घेतले हे ठाऊक असल्यामुळे; ‘ग्रहलाघवा’तील नियमाची चूकही आज नेमकी मोजता येते, कारण गणेश दैवज्ञांनी आपला शून्याचा शक स्पष्ट लिहून ठेवला. म्हणून शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना, आकाशनिरीक्षण मंडळांना आणि पंचांग पाहणाऱ्या प्रत्येक वाचकाला आग्रहाची विनंती अशी, की ताऱ्याचे किंवा ग्रहाचे स्थान लिहिताना चौकटीचे वर्ष आणि निरीक्षणाची तारीख या दोन्ही गोष्टी न चुकता शेजारी लिहाव्यात, आणि जेथे त्या लिहिलेल्या नसतील तेथे त्या स्थानावर कोणताही निष्कर्ष उभा करू नये.